नापसंत काका

नागपूरच्या गांधीबाग बाजारातल्या एका कापडाच्या दुकानातून शाळकरी पोरीला भर उन्हात बाहेर काढणारा माणूस, ही नापसंत काकांची मला झालेली पहिली ओळख. पोरगी दहा-अकरा वर्षांची. केस तेल लावून चापून बसवलेले, पायांत चप्पल नाही. दुकानदारानं तिच्यापुढे निळ्या कापडाचे ठाण उलगडून ठेवले होते. काकांनी विचारलं, "कोणता पाहिजे?" ती म्हणाली, "कोणताही चालते." काकांनी दाराकडे बोट दाखवलं.

"जा. पायरीवर उभी राहा, विचार कर अन् मग ये. कोणताही चालते म्हणणाऱ्याले इथं कापड मिळत नाही."

मी समोरच्या भिंतीवर पत्रकं चिकटवत होतो. एका हातात खळीचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. त्या काळात मी रोज सकाळी अन्याय शोधायला बाहेर पडत असे आणि कधी रिकाम्या हातानं परत आल्याचं आठवत नाही. इथं तर अन्याय पायरीवर येऊन उभा होता. मी डब्यासकट दुकानात शिरलो.

"या मुलीला उन्हात का उभं केलंत?" रागावलो की मी पुस्तकातली मराठी बोलतो. घरी आई त्यासाठीच हसते.

काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू कोण गा?"

"विद्यार्थी संघटनेचा कार्यकर्ता."

"काही घ्यायले आला का?"

"निषेध करायला आलोय."

"मग बस. तिचं होऊ दे आधी. तुहा निषेध मग पाहू."

गादीवरचे सेठ म्हणाले, "बैठो भाई, बैठो. इनका हर साल का है."

मी बसलो. पोरगी आत आली, पुन्हा तेच म्हणाली, पुन्हा बाहेर गेली. सेठ वारा घेत बसले. पुढच्या वेळी ती आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि बहुतेक रागही होता. तिनं एका ठाणावर हात ठेवला आणि झटकन उचलला. "हा नको. टोचते."

काकांचा चेहरा असा उजळला, जणू पोरगी मॅट्रिक पास झाली. "ऐकलं का सेठ? टोचते म्हणते. उचला तो. दुसरा दाखवा." मग तिनं आणखी एक नको म्हटला, आणि पुढचा घेतला. काकांनी तिला आलुबोंडा घेऊन दिला. मलाही दिला. निषेध करायचा राहूनच गेला.

ती पोरगी सुमन. आमच्याच वस्तीतली, जरीपटक्याच्या पलीकडची. तिची आई तुळसाबाई विड्या वळायची. आणि काका म्हणजे लांजेवार, गांधीबागेतले कापडाचे दलाल. या पेढीचा माल त्या दुकानाला, त्या दुकानाची ऑर्डर या पेढीला, असं दिवसभर पायी फिरणारा उंच, वाकलेला, पन्नाशीचा माणूस. शाळा उघडायच्या सुमारास ते आमच्यासारख्या वस्त्यांतून पोरं गोळा करत आणि त्यांना गणवेशाचं कापड घेऊन देत. पैसे काही त्यांचे, काही व्यापाऱ्यांच्या मागे लागून काढलेले. पण कापड वाटायचे नाहीत. पोरानं दुकानात यायचं, गादीवर बसायचं, ठाण उलगडायला लावायचे आणि किमान एक तरी नापसंत करायचा, हा त्यांचा कायदा. व्यापाऱ्यांनी त्यांना नाव ठेवलं, नापसंत काका. नाव ठेवणाऱ्यांना वाटलं ते चिडतील. काका म्हणाले, "बरं आहे नाव. लांजेवार कोणाच्या ध्यानात राहात नाही."

"अहो, पण गणवेशात पसंती कसली?" मी एकदा विचारलं. "निळा म्हणजे निळा."

"निळ्यात निळे कमी आहेत का बाप्पा?"

मी दानाच्या विरोधात होतो. आजही आहे, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. माझ्या आईवडिलांनी छप्पनला दीक्षा घेतली ती मान वर करायला, शेटजींच्या हातून स्कर्ट-चड्डीचं पुडकं घ्यायला नव्हे. ज्यांनी वर्षानुवर्षं घेतलं त्यांनी थोडं परत देऊन फोटो काढून घ्यायचा, याला आमच्या पत्रकात एक फार झणझणीत शब्द होता. छापखानेवाल्यानं तो गाळला. बाकीचं छापलं: दान नको, हक्क द्या. मी ते पत्रक काकांना दिलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून चोळून पाहिलं.

"कागद हलका आहे गा."

"मजकूर वाचा."

त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. "बरोबर लिहिलं. हक्क कधी मिळन?"

"लढा दिला की."

"अन् शाळा कधी उघडते?"

"सोमवारी."

"मग सोमवारच्या आत लढून घे. नाहीतर पोरीले स्कर्ट लागन."

असल्या माणसाशी वाद घालता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. लकडगंजात एका लाकडाच्या डेपोवर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खाली आरा मशीन दिवसभर करकरत असायची. भुसा उडून वर यायचा, पाण्याच्या माठावर बसायचा, काकांच्या भुवयांवर बसायचा. घरात खुर्ची एकच. पाहुणा आला की तो बसायचा आणि काका उभे राहायचे. "तुम्ही बसा" म्हटलं तर म्हणायचे, "मी दिवसभर बसूनच राहतो," जे सपशेल खोटं होतं. मागची खोली रिकामी होती. नुसती रिकामी, अडगळसुद्धा नाही. अडगळ व्हायला घरात सामान लागतं.

आणि गंमत अशी, की पोरांना कापडावर नाक मुरडायला शिकवणारा हा माणूस स्वतः कशालाच नको म्हणत नसे. व्यापारी उरलेले तुकडे द्यायचे, त्याचे शर्ट शिवायचे. एकदा पडद्याच्या कापडाचा शर्ट घालून आले होते, पाठीवर कमळ. हॉटेलात कपात काय आलं ते पाहायचे नाहीत. थंड चहा आला तर थंड प्यायचे. मी एकदा मालकाला ओरडलो, की हा काय चहा आहे, तर काकांनी माझा हात खाली ओढला.

"राहू दे. मले चालते."

"पोरांना चालत नाही, तुम्हाला चालतं?"

"माह्यी सवय मोडली गा. लहानपणी लागली तं लागली." मग बशीत चहा ओतत म्हणाले, "मी एका शेटच्या फुकट बोर्डिंगात वाढलो. जेवायच्या आधी शेटच्या नावाचं गाणं म्हणायचो. सगळ्यांचे सदरे एकाच ठाणाचे. भाजी कोणती पाहिजे, असं तिथं कोणी कोणाले विचारत नव्हतं. पहिल्यांदा बाहेर हॉटेलात गेलो अन् पोऱ्यानं विचारलं, काय खासान? मी उठून पळालो."

ते हसले. मला हसू आलं नाही. मला त्या शेटविरुद्ध पत्रक काढायचं होतं, पण शेट मेले होते.

दिवाळीत काका 'गावी चाललो' म्हणून सांगायचे. बाजारातले सगळे घरोघरी बोलावणार, आणि बोलावण्यात खरेपणा किती हे त्यांना चेहऱ्यावरून कळणार, म्हणून असेल. एका दिवाळीला मी आमचा एक मित्र येणार म्हणून स्टेशनवर गेलो होतो. काका बाकावर बसलेले, मांडीवर पिशवी. एक गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. काका प्रत्येक डब्याकडे मान वळवून पाहत होते, जसं उलगडणाऱ्या ठाणाकडे पाहावं.

मला पाहून म्हणाले, "उशीर आहे गाडीले."

कोणत्या, ते मी विचारलं नाही.

सुमन आठवीत असताना तिच्या शाळेत एका ट्रस्टचं गणवेशवाटप झालं. शाळेनं वस्तीतल्या सगळ्याच पोरींची नावं दिली होती. मी पत्रकं घेऊन गेलो. काका मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभे होते. पोरी उन्हात पंगतीला बसवल्यासारख्या बसवलेल्या. पाहुणे उशिरा आले, हार झाले, भाषणं झाली. मग एकेका पोरीला पुडकं देऊन खांद्याला धरून फोटोवाल्याकडे वळवायचं काम सुरू झालं. ट्रस्टनं सगळं कापड कुठल्या तरी न खपलेल्या मालातून उचललं होतं. निळं होतं, पण शाळेत दुसऱ्या कोणाच्याच अंगावर नसलेलं निळं. ते घालून मैदानात उभी राहिली की पोरगी फुकटातली आहे हे रस्त्यावरूनही कळावं.

शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं, आता कुमारी सुमन आभार मानेल. तिला चार ओळी पाठ करून दिल्या होत्या. सुमन माइकजवळ गेली, हातातलं पुडकं सोडलं, कापड उलगडून पाहिलं आणि पाहुण्यांना म्हणाली, "मागच्या साली माह्या मैत्रिणीले हेच दिलं होतं. एका धुण्यात रंग गेला. हे नको. दुसरं दाखवा."

माइक चालू होता.

पुढचा गोंधळ मी इथं लिहीत नाही. बाईंनी तिचा दंड धरला, पाहुणे हसल्यासारखं करून घड्याळ पाहू लागले. मी मात्र आनंदानं वेडा झालो होतो. सभा संपायच्या आत माझ्या डोक्यात पत्रक तयार होतं: वस्तीच्या लेकीचा धनदांडग्यांना सवाल. काकांना मथळा सांगितला. ते थांबले. मी त्यांना रागावलेलं त्या एकाच वेळी पाहिलं.

"छापायचं नाही."

"का? एवढी मोठी गोष्ट..."

"तिले उद्या त्याच वर्गात बसायचं आहे. अन् ती बोलली ते तिचं आहे. तुह्या पत्रकाचं नाही."

छापलं नाही. संघटनेत मला दोन शब्द ऐकावे लागले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी काकांना बोलावलं. ही मुलगी तुमच्यामुळे बिघडली, असं त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "हो बाई. अजून तीन-चार बिघडून राहिल्या आहेत. येतीन पुढच्या साली." बाहेर येऊन मात्र त्यांनी मला विचारलं, "तिले शाळेतून काढणार तं नाहीत नं?" आणि काढलं नाही हे नक्की कळेपर्यंत ते रोज शाळेवरून फिरून गांधीबागेत गेले. रस्ता उलटा होता.

सुमन मॅट्रिक झाली. चांगली झाली. नागपुरातच कॉलेजात नाव लागलं, पण तेवढ्यात तुळसाबाईनं भावाकडे तुमसरला जायचं ठरवलं. विड्या वळून तिचं खोलीभाडं निघेना. पोरीनं राहायचं कुठं, हा प्रश्न आला.

एका दुपारी काका सेठच्या दुकानात माझ्या शेजारी बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "मागची खोली रिकामीच आहे."

मी त्यांच्याकडे वळलो.

"खालच्या मुनीमजीची म्हातारी तिच्या सोबतीले झोपाले तयार आहे. म्हणजे वस्तीत कोणी काही बोलाचं नाही." हे सगळं ठरवून झालेलं होतं. "तू तुळसाबाईले विचार. मी नाही विचारत. मी विचारलं तं तिले नाही म्हणता येणार नाही."

तुळसाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती म्हणाली, "विचारायचं काय त्यात, भाऊ? देव पावला." सुमन म्हणाली, आधी खोली पाहीन. खोली पाहायला यायचा दिवस ठरला.

त्यानंतरचे काका मी आधी कधी पाहिले नव्हते. कमळाचा शर्ट घालणारा माणूस पडद्याचं कापड घ्यायला निघाला. मला बरोबर घेतलं. एका दुकानात, दुसऱ्या दुकानात. हे भडक, हे मळखाऊ, यातून ऊन येईल. सेठनी विचारलं, "लांजेवारजी, किसकी शादी है?" काका म्हणाले, "कोणाची नाही. दुसरा दाखवा." शेवटी बारीक पानांची नक्षी असलेला फिकट पिवळा घेतला. डेपोतून टेबल करून घेतलं, ते डुगडुगलं म्हणून परत पाठवलं. पलंगावर स्वतः जोडे काढून आडवे झाले, कूस बदलली, उठले. मला नव्या टेबलाशी बसवलं.

"लिही नं काही."

"काय लिहू?"

"काहीही लिही. तुहं ते जाहीर निषेध लिही. हात पुरते का पाहू दे."

मी लिहिलं. ते वाकून टेबलाच्या पायांकडे पाहत राहिले. हलत नव्हतं. खुर्चीही नवी आणली होती. आता घरात दोन खुर्च्या झाल्या होत्या आणि काका दोन्हींकडे आळीपाळीनं बघत होते.

"रात्री अभ्यासाले बसन," ते म्हणाले. "मी काही बोलणार नाही. इकडे बसून राहीन. घरात कोणी असलं म्हणजे बरं असते."

सुमन आईबरोबर आली. काका दाराशीच उभे राहिले, आत आले नाहीत. सकाळपासून त्यांनी दोनदा भुसा झाडला होता. सुमननं खिडकी उघडली. खालून आऱ्याचा आवाज आला. तिनं खिडकी लावली. पडद्याचं कापड बोटांत धरून पाहिलं, गादी दाबली, टेबलावर हात फिरवला. घाई केली नाही. मग काकांकडे वळली.

"खोली बेस आहे, काका."

काकांनी मान हलवली.

"पण मी इथं नाही राहात. होस्टेलात नाव लागलं माहं. तिथं राहीन."

तुळसाबाईनं कपाळाला हात लावला. "अवं, काय बोलून राहिली वं? एवढं केलं त्यायनं तुह्यासाठी..."

"तिथं पोरी आहेत, आई. माह्यासारख्या. इथं एकटी पडन मी."

ते होस्टेल मागासवर्गीय मुलींचं, सरकारी. त्यासाठी आमचे मोर्चे निघाले होते, आम्ही कचेरीपुढे बसलो होतो, हवालदाराच्या काठ्याही खाल्ल्या होत्या. तिथं सुमनला जागा मिळाली होती ती कोणाच्या मेहेरबानीनं नव्हे. मी तिच्या बाजूचा. त्या दिवशीही होतो. फक्त मला त्या पिवळ्या पडद्याकडे पाहवत नव्हतं.

"बोलू द्या तिले, बाई," काका म्हणाले. "तिनं पाहून सांगितलं." मग खिडकीकडे बघत, "बरोबर आहे. इथं एकटं पडते माणूस."

तुळसाबाईनं तिची पत्र्याची पेटी बरोबरच आणली होती, ती खाली रिक्षात होती. होस्टेलच्या फाटकात ती काकांनीच उतरवली. तुळसाबाई आणि सुमन आत गेल्या. काका पेटी घेऊन निघाले तर चौकीदारानं काठी आडवी घातली.

"तुम्ही कोण पोरीचे?"

काकांनी पेटीकडे पाहिलं. "पेटी आणली," ते म्हणाले, आणि पेटी खाली ठेवली. चौकीदारानं ती आत नेली.

आम्ही रस्त्यावर आलो होतो तेव्हा मागून हाक आली. सुमन फाटकाच्या गजांतून बोलत होती. "काका, रविवारी भेटायले या. पण संध्याकाळी या. दुपारी नका येऊ, दुपारी आम्ही पोरी कपडे धुऊ." मग चौकीदाराकडे वळून, "हे काका आहेत माहे. यायनले आत सोडजा."

रविवारी मी घरी जेवत होतो. ऊन डोक्यावर. दारात काका. अंगात नवा शर्ट, पांढरा, इस्त्रीचा, अंगाबरोबर शिवलेला. मी म्हटलं, "काका, संध्याकाळले खूप वेळ आहे."

"माहीत आहे. घरी बसवत नाही." ते खाटेच्या कडेला बसले, शर्टाला सुरकुती पडू नये म्हणून पाठ न टेकता. आईनं जेवायला विचारलं, नको म्हणाले. बराच वेळ उंबऱ्याबाहेरच्या उन्हाकडे पाहत राहिले.

"मी म्हटलं नव्हतं गा तिले, येतो म्हणून," ते म्हणाले. "तिनंच म्हटलं."

"हो काका. ऐकलं मी."

आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. काका तिच्याकडे वळले. "बाई, तिनंच म्हटलं. मी नव्हतं म्हटलं."